काडेपेटीतले खडे

१२ नोव्हेंबर, मंगळवार

उपाशीपोटी साखर १६८.

तेरावा होऊन तीन दिवस झाले तरी माणसं येतातच. आज उषाची चुलत वहिनी. रडली, चहा घेतला, मग पडवीकडं मान वळवून म्हणाली, "तिच्या त्या खड्यांत शनीचा एखादा असंल की. आमच्या थोरल्याला साडेसाती हाय."

नाही म्हणालो.

"बघा तरी जरा."

उठून आत गेलो. ती गेल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर आलो नाही.

वीस वर्षं उषा प्रत्येकाला एकच सांगत आली. "राशीचे न्हाईत वो ते, विहिरीचे हायेत." कुणीही ऐकलं नाही. आता ती नाही म्हणून मागायला येतात.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी कारखान्याचा भोंगा झाला. गाळप सुरू. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी भोंग्याला पाय जागचे हलतात. प्रयोगशाळेत आज पहिल्या रसाचे नमुने लागतील.

घरात काही करायला नव्हतं. पडवी आवरली. उ.चं काम तिथंच चालायचं, उत्तरेच्या खिडकीखाली. ऐरण, फुंकणी, चिमटे, चांदीच्या तारेची वेटोळी. आणि काडेपेट्या. शंभराच्या वर निघाल्या. प्रत्येकीत एक खडा, कापसावर, आणि घडी केलेली चिठ्ठी. एकीत नुसतीच चिठ्ठी. आसपास कुठं विहीर खोदली, सुरुंग लावला, की त्या काळ्या दगडाच्या पोटात हे खडे निघतात. मजूर त्यांना गारगोट्या म्हणतात आणि ढिगावर फेकतात. उ. ढिगावर जाऊन बसायची. पोकळीतून निघालेला खडा ती कधी कापायची नाही, घासायची नाही. आहे त्या आकाराभोवती चांदी बसवायची.

मी सगळे खडे प्रयोगशाळेतल्या रिकाम्या नमुना-बाटल्यांत भरले. रंगाप्रमाणे लावले. पांढरे, गुलाबी, हिरवट, तपकिरी. दिसायला नीट झालं. एक खडा कापसाच्या गोंड्यासारखा होता, बाटलीत घालताना बोटानं दबला. काही बिघडलं नसावं.

चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या. वाचल्या नाहीत. अक्षर बघवत नाही. रिकाम्या काडेपेट्या बंबात घातल्या.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ऐरणीशेजारी वाटी पालथी घातलेली होती. खाली पदक. मेघाचं.

हिरवा खडा, सुपारीएवढा. चार टोकांचा, वरून चपटा, पाण्यासारखा आरपार. हिरव्या काचेच्या बाटलीतून उजेड यावा तसा दिसतो. मेंदीचा रंग नाही, पोपटी नाही. कोवळ्या हरभऱ्याचा म्हणता येईल. भोवती खडा धरून ठेवणाऱ्या चांदीच्या चार नख्या. दोन दाबलेल्या, दोन उभ्या. एवढंच राहिलं होतं. मग तिला चक्कर आली. चार दिवस नगरला दवाखान्यात, आणि संपलं.

मेघाला सहावा लागला आहे. डोहाळजेवण बेलापूरला तिच्या सासरी, २२ डिसेंबरला, पौष लागायच्या आत. कुणी कुणी म्हणालं, आई जाऊन दोन महिने झाले नाहीत, आता कसलं डोहाळजेवण. मेघानं फोनवर सांगितलं, "पप्पा, तारीख आईनं ठरवलीय. आणि ती म्हणालेली, हिरव्या साडीवर माझा हिरवा खडा घालायचा, फुलांचे दागिने नकोत. ते झालंय ना?"

होईल म्हणालो.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिगंबर आला. उ.चा धाकटा भाऊ, सोनईत पेढी आहे. त्याला पदक दाखवलं. बराच वेळ हातात धरून बसला.

"ताईचा हात," म्हणाला. मग, "नख्या दाबायच्या राहिल्यात. मी करून देतो, दाजी. मामाचं बी काही लागू द्या तिला."

द्यावं वाटत नव्हतं. कारण नीट सांगता आलं नाही म्हणून दिलं.

याच दिगूनं आयुष्यभर तिची टर उडवली. सासरे त्याला ऐरणीवर बसवायचे आणि उ.ला भाता ओढायला. बाईमाणसानं ऐरणीला हात लावायचा नाही. भाता ओढता ओढता बघून शिकली ती. लग्नानंतर इथं पडवीत चूल मांडल्यासारखी शेगडी मांडली, तेव्हा दिगू म्हणाला होता, "ताईनं गारगोट्यांची पेढी काढली. उद्या खडी बी तोलून देईल." सगळे हसले. मीही हसलो असेन.

पदक रुमालात बांधून दिलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

दिगूचा फोन नाही. मी केला. "झालंच, दाजी. लग्नसराई हाय, गर्दी लई."

दोन नख्या दाबायला आठवडा लागतो?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

साखर २४१. औषध सकाळी चुकलं नव्हतं.

दिगू अकराला आला. गाडी लावून बराच वेळ बाहेरच उभा. आत आला, बसला नाही. रुमाल टेबलावर ठेवला.

खडा पांढरा.

फिकट नाही, पांढरा. खडूसारखा. वरचा पापुद्रा सुटलेला, नखानं निघेल असा. आरपार काही दिसत नाही. चांदी मात्र चकचकीत.

"काय केलंस?"

"कडीचा सांधा उघडा वाटला. म्हनलं पोरीच्या गळ्यात तुटायला नको. फुंकणीनं आगीची एक फुंकर मारली, बस. वला कापूस लावला हुता खड्याला, दाजी. आपल्या रोजच्या रिवाजानं. मग रिठ्याच्या पान्यात उकळून काढलं, उजाळा द्यायला. भांड्यातून काढला तर असा."

"तुला कुणी सांगितलं होतं जाळायला?"

"जाळला न्हाई वो. मानिक असू द्या, पुष्कराज असू द्या, आमी असंच करतो. आज्यापासून."

"हे पुष्कराज नव्हे."

"मंग तुमी शिकलेलं मानूस, एक शब्द सांगायचा हुता. आग चालत न्हाई म्हनून."

मी म्हणालो, तू सोनार आहेस. तुला कळायला नको? तुझ्या बापानं भाता ओढायला लावला तिला, आणि तू तिची शेवटची वस्तू भाजून आणलीस. ऊठ.

तो उभाच होता. तरी मी ऊठ म्हणालो.

गेला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं शांत होत नाही. सांधा उघडा नव्हता. उ.चा सांधा कधी उघडा राहिला नाही. याला तिच्या कामात चूक काढायची होती, मेल्यावरसुद्धा. दुरुस्त करून दाखवायचं होतं. मोठा कारागीर.

भाजून, रिठ्यात उकळून. भुईमुगाच्या शेंगा आहेत काय.

पदक कपाटात, साड्यांखाली ठेवलं. मग काढून टेबलावर ठेवलं. मग परत कपाटात.

२ डिसेंबर, सोमवार

मेघाचा फोन. बाळ लाथा मारतं. साडी घेतली, हिरवी, सोनेरी काठाची. "मामाकडं दिलं होतं ना? फोटो पाठवा की."

म्हणालो, कॅमेऱ्यात रंग नीट येत नाही.

खोटं नाही ते. पण बोलून झाल्यावर कितीतरी वेळ फोन हातातच होता.

दिगूनं मुलाला पाठवलं होतं, तिळाची वडी घेऊन. दारातून परतवून लावलं. पोराचा काय दोष. तरी लावलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

बाजार. कौसाबाई शेळ्या घेऊन आली होती. तो हिरवा खडा हिच्याच विहिरीतला. गावाच्या पूर्वेला मळा आहे तिचा, गेल्या उन्हाळ्यात विहीर खोल नेली. तिथं निघाल्यावर हिनं मजुरांच्या घणाखालून ओढून काढला आणि पदरात बांधून उ.ला आणून दिला. पैसे घेतले नाहीत. उ.नं तिला कानातलं करून दिलं. आजही कानात होतं. भर बाजारात ऊन पडलं की चमकतं.

मला बघून रडली. मी विचारलं, तसला दुसरा आहे का?

"हायेत की, भाऊ. ढीगभर. त्या कपारीत समदी भित हिरवीगार हुती. पर आता कसं काढायचं? या, दाखवते."

मनात म्हणालो, सोळा दिवस आहेत. खडा मिळाला तर नख्या मी स्वतः दाबीन.

८ डिसेंबर, रविवार

कौसाबाईच्या मळ्यात जाऊन आलो. विहीर काठोकाठ. यंदा पाऊस बरा झाला.

तिनं बोट दाखवलं. "थितं. साठ फुटाखाली. चैत्र-वैशाखात पानी उतरलं तर उतरलं. न्हाईतर मग पुढल्या साली."

पाण्यात बघत उभा राहिलो. काय दिसणार.

"उषाताय म्हनायच्या, बाई, पानी भरलं ते बरं झालं. भितीला गारवा राहील." मग म्हणाली, "आदल्या साली बी एक दिला हुता त्यास्नी. ल्हान. त्यो बघा की घरात."

घरी येऊन हिरवट खड्यांच्या बाटल्या काढल्या. सात. टेबलावर ओतल्या. एकही त्या रंगाचा नाही, पण दोन जवळचे. त्यातला हिचा कोणता? कुठल्या विहिरीचा कोणता, आता मलाही सांगता येणार नाही. चिठ्ठ्या वेगळ्या, खडे वेगळे. हे मी केलं. रंगाप्रमाणे लावले म्हणून खूश झालो होतो.

कापसासारखा होता तोही पाहिला. चपटा झाला आहे, भिजलेल्या वातीसारखा. तो परत फुलत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

पाकीट उघडलं. कौसाबाईची दुसरी चिठ्ठी सापडते का ते बघायला.

शंभरावर चिठ्ठ्या. कॅलेंडरच्या पाठीवर, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, कारखान्याच्या जुन्या फॉर्मच्या मागच्या बाजूला. उ.चं बारीक अक्षर. गाव, कुणाची विहीर, किती खोल, कुणी दिला. आणि खाली काय करायचं ते. "हात लावू नये, फुंकरसुद्धा नको" ही त्या कापसाच्या गोंड्याची असणार. "लिंबू चालत नाही." "उन्हात ठेवू नये, गुलाबी जातो."

मग ही. जशी आहे तशी उतरवतो.

"कौसाबाई, पूर्वेचा मळा, ६० फूट. हिरवा. मेघासाठी. आग नको. गरम पाणी नको. आधी आगीवरची सगळी झाळ, सांधे, करून घेणे, खडा शेवटी, नख्या गार हातानं. याच्या अंगात पाणी आहे. पूर्वी यांनी भट्टीत घालून तपासलं होतं, पांढरा होतो. यांच्या मोरचुदासारखा."

यांनी म्हणजे मी.

पुढं काही लिहीत नाही आज.

१२ डिसेंबर, गुरुवार

साखर पाहिली नाही.

आठवलं. पंधरा वर्षं तरी झाली असतील. तिनं तुकडे कागदात बांधून दिले होते, "तुमच्या लॅबमध्ये बघा ना, याच्यात काय हाय." साखरेची राख काढायची भट्टी होती आमच्याकडं, दुपारी रिकामी असायची. मुशीत घालून ठेवले, तासाभरानं काढले. पांढरे, पापुद्रे सुटलेले, वजन घटलेलं. घरी येऊन तिला सांगितलं, यात पाणी आहे, तापवलं की उडून जातं. परीक्षानळीत मोरचूद तापवून दाखवलं. निळं पांढरं झालं. तिनं डोळे मोठे केले. "म्हंजे दगड तहानेला व्हतो," म्हणाली. मला गंमत वाटली होती. नोकरीत कुणी कधी माझा प्रयोग इतका मन लावून बघितला नव्हता.

तिनं लिहून ठेवलं. मी विसरलो.

मी दिगूला म्हणालो होतो, तू सोनार आहेस, तुला कळायला नको?

१३ डिसेंबर, शुक्रवार

तिचाही राग येतो. चिठ्ठीत का लिहायचं? तोंडानं का सांगितलं नाही? मी समोर जेवायला बसायचो की रोज. "मेघाचं पदक मी नाही पुरं केलं तर असं करा," एवढं म्हणायला काय झालं होतं?

ती कशाला म्हणेल. बावन्न वर्षांच्या बाईला आपण जाणार हे काय माहीत. आणि सांगितलं असतं तर मी पेपर खाली ठेवला असता का? हं म्हणालो असतो. बत्तीस वर्षं हं म्हणालो.

१५ डिसेंबर, रविवार

सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या. चौदा खड्यांची चिठ्ठी खात्रीनं जुळली. बाकी नाही, कौसाबाईचा लहान हिरवाही नाही. काडेपेट्या मी जाळल्या त्याचा राग आता कुणावर काढायचा?

मेघाचा मेसेज, "मामा फोन उचलत नाहीत. तुमचं काही बोलणं झालंय का?"

"नाही," लिहिलं. पुसलं. "आल्यावर बोलू," लिहिलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

दिगू आला. न बोलावता. या वेळी बसला, थेट पडवीत, उ.च्या पाटावर. ऐरणीवर हात ठेवून.

म्हणाला, "दाजी, तीन आठवडे बघतोय. नगरला गेलो, तिथल्या दोघा व्यापाऱ्यांकडं हिंडलो. तसा हिरवा कुनाकडं न्हाई. काच बसवू म्हनले. मी उठून आलो."



"सांधा उघडा नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. भिंगाखाली बघितलं तर केसाएवढी रेघ बी नव्हती. म्हनलं ताईनं बिनचूक कसं केलं? आपल्याला एक तरी टाका घालायला मिळावा. एवढंच हुतं मनात."

हे ऐकायची वाट बघत होतो मी इतके दिवस. ऐकलं, आणि रागाला धरायला काही उरलं नाही.

मग म्हणाला, "पोरीला सांगा, मामानं बिघडवलं. मीच सांगतो, तुमी बोलूच नका. मामावर रागवंल, रुसंल, बाळ झालं की इसरंल. बापावर राग नको पोरीचा, असल्या दिवसांत."

"माझ्यावर कशाला रागवेल?"

"तुमी माझ्याकडं दिलं म्हनून. दुसरं काय?"

चिठ्ठी तेव्हा कपाटात होती, हाताच्या अंतरावर. उठलो नाही. चहा ठेवला. त्यानं दोन कप घेतले, दोन्हींत साखर जास्त मागितली. जाताना म्हणाला, "रविवारी गाडी माझी. दहाला येतो. चुलत वहिनी सकाळच्या एस.टी.नं पुढं जाईल, आपन दोघंच."

त्यानं त्याचं सांगून टाकलं. मी माझं गिळलं. लहान कोण ठरलं ते कळतं मला.

२१ डिसेंबर, शनिवार

दुकानातून काडेपेटी आणली. काड्या डब्यात ओतल्या. कापूस घातला. वर पदक.

पांढऱ्या खड्याला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, कारखान्याचा जुना सूक्ष्मदर्शक आहे घरी. पापुद्र्याखाली, एका कोपऱ्यात, जिथं नखीची सावली होती, तिथं तिळाएवढी हिरवी जागा उरली आहे. दोनदा पाहिलं. आहे.

कुणाला दाखवण्याइतकी नाही.

२२ डिसेंबर, रविवार

साखर १५२.

सकाळी मेघाचा फोन. पाठीमागं बायकांचा गलका. "पप्पा, आणताय ना? सासूबाई म्हणतात फुलांचं पण ठेवू का बाजूला. मी म्हटलं, ठेवूच नका."

"आणतो," म्हणालो. "मेघा, ते आईनं केलं तसं राहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"आल्यावर सांगतो."

"मामाला रागावलात का तुम्ही? आवाजावरून कळतं." मग कुणीतरी तिला बोलावलं.

पांढरा शर्ट घातला. उ.नं शिवून घेतलेला, खिसा मोठा आहे. काडेपेटी पिशवीत, आहेराच्या साडीच्या घडीवर. चिठ्ठी तिच्यात ठेवली होती, चिठ्ठी खड्याबरोबरच असावी म्हणून. मग काढली. मग ठेवली. कौसाबाई, साठ फूट, आग नको, यांनी तपासलं होतं. मेघाला आईचं अक्षर लगेच ओळखू येईल. पहिल्याच वाचनात सगळं कळेल तिला, मी काही बोललो नाही तरी.

दिगू आला. दाराशी हॉर्न देतो आहे. केस चापून बसवलेत, कपाळाला गंध. गुन्हा कबूल करायला निघालेला माणूस इतका आनंदात मी पाहिला नव्हता.

बेलापूरपर्यंत तासाभराचा रस्ता आहे. गाडीत आम्ही दोघंच; सांगायचं तर आधी दिगूला. चिठ्ठी आत्ता काडेपेटीत नाही, माझ्या खिशात आहे.